मदत हवी आहे : इमॅक्सच्या मिनीबफरमध्ये रिकामं एंटर कसं अडवू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. काकांची कळमना मार्केटात संत्र्याची अडत आहे, त्यांच्या नोंदींसाठी इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये छोटं फंक्शन लिहिलंय. ते खाली मिनीबफरमध्ये (खिडकीच्या तळाशी असलेल्या छोट्या ओळीत) एकेक प्रश्न विचारतं: शेतकऱ्याचं नाव, बहार (संत्र्याचा हंगाम), क्रेट, भाव.

आकड्यांसाठी रीड-नंबर वापरलं, ते झकास चालतं. कोणी चुकून अक्षर टाकलं की पुन्हा विचारतं.

घोडं अडलंय बहारापाशी. तिथे कम्प्लीटिंग-रीडला (यादीतून उत्तर निवडायला लावणारं फंक्शन) 'आंबिया' आणि 'मृग' असे दोनच पर्याय दिलेत, रिक्वायर-मॅच टी (t, म्हणजे 'हो') ठेवलंय. यादीबाहेरचा शब्द घेत नाही, पण नुसतं एंटर मारलं की रिकामी स्ट्रिंग परत येते! काल सकाळी लिलावाच्या घाईत काकांच्या अशा अकरा नोंदी बहाराविना गेल्या. संध्याकाळी चिठ्ठ्या काढून एकेक जुळवत बसलो, फार वाईट वाटलं. डीफॉल्ट 'आंबिया' देता येईल, पण मग मृगाचा माल गुपचूप आंबियात जाईल. ते मला रिकाम्यापेक्षा घातक वाटतं.

व्हाईल लूप लावून उत्तर येईस्तोवर विचारत राहणं बरोबर, की याहून नीट रीत आहे? आणि हे सगळं विचारणं इंटरॅक्टिव्हच्या (फंक्शन हाताने चालवलं तरच चालणारा भाग) आत लिहावं का, म्हणजे जुन्या वह्या चढवताना तेच फंक्शन प्रश्न न विचारता बोलावता येईल?

मिनीबफरमध्ये देवनागरी टाइप करायचा प्रश्न सुटला बरं का: कम्प्लीटिंग-रीडला शेवटचं, आठवं आर्ग्युमेंट टी दिलं की बफरमधली (उघड्या मजकुरातली) इनपुट मेथड, म्हणजे टायपिंगची पद्धत, मिनीबफरमध्येही चालू राहते. कोणाचं अडलं असेल तर करून पाहा.