मदत हवी आहे: माझगाव-म्हातारपाखाडी पायी कसं फिरावं?

पुण्याहून शनिवारी रात्री दादरला मुक्कामी येतोय. रविवारी सकाळी चार तास पायी फिरायचंय. गेटवे, कुलाबा, मरीन ड्राइव्ह नको. सोबत सासूबाई आहेत, वय ६८, चढ सावकाश चढतात. हार्बरने कुठे उतरू? शिवडीचे फ्लेमिंगो त्याच दिवशी जमतील का?

प्रतिसाद १

दादरला हार्बर लाइन नाही, तिथेच लोक चुकतात. स्लो लोकलने भायखळ्याला उतरा, पूर्वेला काळीपिवळी करा आणि 'डॉकयार्ड रोड स्टेशन' सांगा. रिक्षा शोधू नका, या भागात ती चालतच नाही. सीएसएमटीहून आलात तर हार्बरचं तिसरं स्टेशन: मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड.

चढ आधी उरका, म्हणजे सासूबाईंना पुढे सगळं सपाट. स्टेशनलगतच भंडारवाड्याची टेकडी आहे, तिच्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. इथल्या माझगाव किल्ल्याची जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने १६९० मध्ये वाट लावली. आज बागेखाली पालिकेचा जलाशय आहे. पूर्वेच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली हार्बरची गाडी आणि तिच्यापलीकडे गोदीच्या क्रेन दिसतात. सकाळी ऊन समोरून येतं, त्यामुळे फोटो काळे पडतात. डोळ्यांनीच पाहून घ्या. खाली गोदीच्या गेटपाशी मात्र कॅमेरा काढूच नका, तिथे मनाई आहे.

मग म्हातारपाखाडी. टिळकांचे सहकारी आणि १९२५ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झालेले जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा इथलेच. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ रहिवासी ख्रिस्ती लोकांची वस्ती, गल्ली अरुंद. घराचा लाकडी जिना बाहेरूनच वर जातो, कठड्याला नक्षी, वर कौलं. आणि गल्लीतच फुलं वाहिलेला क्रूस. हे सगळं धावत पाहिलं तर काहीच दिसत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. उलट दिशेने तीच घरं वेगळी दिसतात. ओटा आणि व्हरांडा हा लोकांच्या घराचाच भाग आहे, विचारल्याशिवाय फोटो नको. चार-पाचपेक्षा जास्त माणसं घेऊनही जाऊ नका, वाट अडते.

प्रतिसाद २

वरच्या क्रमाला एक जोड. रविवारी हार्बरवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, अकराच्या सुमारास सुरू होतो. त्यामुळे परत डॉकयार्ड रोडला जाऊ नका, भायखळ्याकडे चालत निघा. वाटेत ग्लोरिया चर्च लागेल. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा ती संपल्यावरच आत जा.

शिवडी त्याच दिवशी नको. अंतर फार नाही, पण तिथलं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलात लांब ठिपक्यांसारखे दिसतात, पूर्ण भरतीला चिखलच बुडतो आणि ते उठून जातात. पाणी चढत असतानाचे भरतीआधीचे दोनेक तास सर्वात चांगले, कारण पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून तारीख ठरवण्याआधी तक्ता बघा. डिसेंबर ते मे धरा, दुर्बीण हवीच.

धागाकर्ता

मग रविवारी फक्त माझगाव. बाग दुपारी बंद असते का?

प्रतिसाद १

पालिकेच्या बागा दुपारी बंद असू शकतात. आठच्या आत वर पोहोचा, उन्हाचाही त्रास वाचेल. पाण्याची बाटली सोबत ठेवा.