असंपृक्त का असंतृप्त? अन् ते ईन-आईन

आमचं लेकरू लातूरला क्लासला आहे, अकरावी सायन्स. पुस्तकात असंपृक्त हायड्रोकार्बन (नुसत्या कार्बन-हायड्रोजनची संयुगं), अन् मोबाईलवरचे हिंदीवाले सर असंतृप्त म्हणायलेत. एकच का दोन्ही? आणि मिठाचं संपृक्त द्रावण असतंय त्याचा ह्याच्याशी काही संबंध हाय का?

— एकच दादा. सॅच्युरेटेडला आपल्याकडं संपृक्त, हिंदीत संतृप्त. द्रावण संपृक्त म्हणजे त्या तापमानाला अजून मीठ विरघळत नाही. इथं मिठाच्या जागी हायड्रोजन धरा. कार्बनचे चारी हात एकेरी बंधात गुंतले की आणखी हायड्रोजन घ्यायला जागाच नाही, इथेन तसा, 2 कार्बनला 6 हायड्रोजन. इथीनमधी दोन कार्बनांत दुहेरी बंध म्हणून हायड्रोजन 4च, इथाईनमधी तिहेरी, तिथं 2च, म्हणून ही दोन्ही असंपृक्त. पण फरकबी सांगा लेकराला, द्रावण गरम केलं की अजून मीठ मावतंय, इथेन कितीबी तापवला तरी त्यात जास्तीचा हायड्रोजन शिरत नाही, कारण इथं प्रश्न बंधाचा आहे, विरघळण्याचा नाही. असंपृक्त म्हणजे पातळ असं काही लेकरं समजतात, तसं अजिबात नाही. उलट हेच जास्त क्रियाशील. करडीच्या तेलात आयोडीनचे थेंब टाकून हलवलं की रंग उडतो, तो दुहेरी बंधांमुळं. निकेल वापरून त्याच बंधांवर हायड्रोजन चढवला की वनस्पती तूप, त्यालाच समावेशन अभिक्रिया म्हणायचं.

— नावाचंबी सांगा की कुणीतरी, आमच्या पोरीचे मार्क तिथंच जायलेत.

— ताई, शेवट बघायचा. ब्युटेन एकेरी, ब्युटीन दुहेरी, ब्युटाईन तिहेरी. मात्रा चुकली की पदार्थच बदलला. साखळीतल्या कार्बनांना नंबर द्यायला दुहेरी बंध ज्या टोकाला जवळ तिथून सुरू करायचं, मग मिथिलला (साखळीला फुटलेल्या एका कार्बनच्या फांदीला) मोठा आकडा आला तर येऊ द्या. 3-मिथिलब्युट-1-ईन बरोबर, 2-मिथिलब्युट-3-ईन चूक, इथंच लई जण फसतात. दुहेरी-तिहेरी दोन्ही असले अन् दोन्हीकडून आकडे सारखेच येत असले तर लहान आकडा ईनला, म्हणून पेंट-1-ईन-4-आईन.

— अन् मग वेल्डिंगवाल्याचं ॲसिटिलीन? शेवट तर ईनच हाय की.

— ते जुनं नाव, हा नियम यायच्या आधीचं. आहे ते इथाईन, तिहेरी बंधवालं. कार्बाईडवर पाणी पडलं की निघतो तोच गॅस, त्यानंच आंबे पिकवायचे लोक. त्यावर बंदी आहे, कार्बाईडमधी आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असतात म्हणून. इथिलीनला मात्र 100 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 100 भाग) परवानगी, रायपनिंग चेंबरमधी (फळं पिकवायच्या खोलीत) तेच सोडतात, आपली अर्धापूरची केळी घ्या नाहीतर केसर आंबा. इथिलीन म्हणजे इथीन, तिथं जुनं नावबी धोका देत नाही. बेंझीनचा ईन मात्र ह्या हिशोबात धरू नका, त्याचं वेगळंच प्रकरण आहे, तो धडा येईल पुढं.