पहिल्या कम्युनियनचा वर्ग पहिल्यांदाच घ्यायचाय, सुरुवात कशी करू?

नवी_धर्मशिक्षिका

नमस्कार. आमचं धर्मग्राम (कॅथलिक पॅरिश) नंदुरबार जिल्ह्यात आहे. फादरांनी जूनपासून पहिल्या कम्युनियनचा (मुलांनी ख्रिस्तशरीर पहिल्यांदा स्वीकारण्याच्या तयारीचा) वर्ग माझ्याकडे दिलाय. 14 मुलं, वय 8 ते 11. रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) पाऊण तास मिळेल. निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, चार जण पावरी (सातपुड्यातली आदिवासी बोली). पुस्तकात 30 धडे आहेत. पाऊण तास कसा वापरायचा, कन्फेशनची (फादरांसमोर पापं कबूल करण्याची) तयारी कशी करून घ्यायची, पाठांतर किती, आणि नवीन माणसाचं नेमकं काय चुकतं, हे कुणी सविस्तर सांगेल का? काम सेवाभावाने आहे, पण नीट करायचंय.

तापीकाठ

ताई, आधी कॅलेंडर घेऊन बसा. जूनच्या मध्यापासून ईस्टरपर्यंत चाळीसेक रविवार दिसतात. त्यातून दिवाळी, नाताळ, सहामाही आणि वार्षिक परीक्षा, मुसळधार पावसाचे दोन-तीन रविवार काढा. होळीही काढा. ती बहुतेक वेळा प्रायश्चित्तकाळातच (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) येते आणि सातपुड्याकडची मुलं त्या आठवड्यात वर्गाला येत नाहीत, गावी असतात. हातात 26-28 रविवार उरतात. 30 धडे त्यात बसत नाहीत. म्हणून जूनमध्येच फादरांसोबत बसून न टाळता येणारे 18-20 धडे ठरवा. उरलेले रविवार उजळणीला आणि चर्चमधल्या सरावाला ठेवा. हे आधी ठरलं नाही तर मिस्सा आणि कन्फेशनचे धडे शेवटी राहतात आणि मार्चमध्ये पळापळ होते. नेमके तेच धडे सगळ्यात जड असतात.

पाऊण तासात नवीन शिकवायला 15-20 मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. मुलं तासभर मिस्साला बसून आलेली असतात. आधी पाणी आणि काहीतरी खायला द्या, मग मागच्या रविवारचे तीनच प्रश्न, मग एक गोष्ट, आणि मग हाताने करायचं काहीतरी. शेवटची पाच मिनिटं प्रार्थनेची, तीही वर्गात नको, चर्चमध्ये जाऊन. एका रविवारी एकच गोष्ट सांगा. बायबलच्या योहान 6 मधल्या पाच सातूच्या भाकरी आणि दोन मासे सांगितले, तर त्याच दिवशी येशूचं शेवटचं भोजन सांगू नका.

आता मूळ मुद्दा. मुलाला काय यायलाच हवं? चर्चच्या कायद्यात कलम 913 ला स्पष्ट आहे: आपण काय स्वीकारतोय ते त्याला त्याच्या कुवतीप्रमाणे कळावं आणि त्याने श्रद्धेने, भक्तीने ते घ्यावं. मरणाच्या धोक्यात असलेल्या मुलाला तर ख्रिस्तशरीर आणि साधं अन्न यातला फरक कळला आणि त्याने भक्तीने घेतलं, एवढंच पुरे. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलांना कम्युनियन देण्याचा मार्ग पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये मोकळा केला, तोही याच विचाराने. तेव्हा आमच्या बापा, नमो मारिया, विश्वासांगीकार आणि पश्चात्तापाची प्रार्थना पाठ हवीच, पण 50 प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला हा फरक कळला असेलच असं नाही.

तो फरक डोळ्यांसमोर दाखवा. एका ताटात बेकरीचा पाव, एक पोळी आणि एक कोरा होस्ट (कम्युनियनची पातळ गोल चकती, अजून अर्पण न झालेली) ठेवा. पाव यीस्टने फुगलाय, पोळी बिनखमिराची, आणि होस्ट म्हणजे फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी, ना मीठ ना तेल. मुलं हमखास विचारतील, "भाकर का नाही चालत?" उत्तर सरळ द्या: मिस्साची भाकर केवळ गव्हाचीच असावी असा नियम आहे. मग होस्ट मोडून दाखवा, त्याचा तो बारीक 'कट' आवाज ऐकू द्या आणि सांगा, "हा अजून साधा आहे. मिस्सात काय होतं ते आता वेदीजवळ जाऊन बघू." या धड्याला घाई करू नका.

सरावासाठी कोरे होस्ट कॉन्व्हेंटमधून मागवा. 14 मुलं आणि चार सराव धरून 60 पुरतात. ते वेगळ्या डब्यात, "कोरे" अशी चिठ्ठी लावून ठेवा आणि सॅक्रिस्टीत (मिस्साचं सामान ठेवायच्या खोलीत) अजिबात ठेवू नका. होस्ट घेताना डावा हात वर, उजवा खाली, "आमेन" ऐकू येईल असं, आणि बाजूला सरकून तिथेच तोंडात, हातात धरून जागेवर जायचं नाही. एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी राहून जाते. त्या दिवशी फादर होस्ट द्राक्षारसात बुडवून देणार असतील तर तो फक्त जिभेवरच घेता येतो. हातावर घ्यायची सवय झालेली मुलं ऐन वेळी हात पुढे करतात. फादरांना आधीच विचारा आणि तसाच सराव घ्या. एक तासाचा उपवासही समजावा: पाणी आणि औषध चालतं, चहा-बिस्किट नाही. हे पालकांनाही सांगा, कारण खाऊ घालून पाठवणारी आई असते.

धर्मशिक्षक_धुळे

कन्फेशनबद्दल सांगतो. पहिलं कन्फेशन पहिल्या कम्युनियनच्या आधी व्हायलाच हवं (कलम 914). मात्र आदल्या दिवशी ठेवू नका, किमान तीन-चार आठवडे आधी ठेवा. आदल्या दिवशी कपडे, पाहुणे, फोटो यात मूल गोंधळलेलं असतं.

लूक 15 मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीपासून सुरुवात करा, आज्ञांच्या यादीपासून नको. यादीने सुरुवात केली की मुलं न केलेली पापंही सांगायला लागतात. घरी परतलेल्या मुलाकडे बाप रस्त्यावर धावत येतो, हे मनात बसलं की कन्फेशनची भीती निम्मी होते. मग पायऱ्या घ्या: आठवणं, वाईट वाटणं, पुन्हा न करण्याचं ठरवणं, सांगणं, फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त पूर्ण करणं. चुका मुलांच्या आयुष्यातल्याच घ्या: धाकट्या भावाला मारलं, आईला खोटं सांगितलं, शाळेतून कुणाचं पेन उचललं.

आठवायला चिठ्ठी लिहू द्यायला हरकत नाही. पण ती तुम्ही बघायची नाही आणि गोळाही करायची नाही. कन्फेशननंतर मुलाने स्वतः फाडून टाकायची. नवीन शिक्षक "शुद्धलेखन बघू" म्हणून चिठ्ठ्या हातात घेतात आणि तिथेच मुलांचा विश्वास जातो. "फादरांना काय सांगितलंस?" हे तर घरच्यांनीही विचारायचं नाही. पालकसभेत याच वाक्याने सुरुवात करा.

सातपुडा_पायथा

भाषेचं बोलते. प्रार्थना मराठीत शिकवा, कारण चर्चमध्ये त्या सगळ्यांबरोबर म्हणायच्या आहेत. पण अर्थ मुलाच्या बोलीत येऊ द्या. "बापा" म्हणजे काय ते अहिराणी पोराला "मन्हा बाप" म्हणून सांगायला लावा, पावरी पोराला त्याच्या शब्दात. गोष्ट सांगून झाली की एका मुलाला ती बोलीत परत सांगायला लावा. कुठे अडलंय ते तिथेच कळतं. 'कृपा' आणि 'तारण' हे शब्द हमखास अडतात.

पावरी बोलणारं मूल कन्फेशनमध्ये मराठीत अडखळेल. फादरांना पावरी येत नसेल तर चर्चचा कायदा दुभाषा चालवून घेतो (कलम 990), आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन असतं. मात्र दुभाषा मुलाचा नातेवाईक नको आणि शक्यतो तुम्हीही नको. दर रविवारी तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहणार, मूल मोकळं बोलणार नाही.

कागदपत्रं जूनमध्येच मागा. बाप्तिस्मा जिथे झाला तिथल्या धर्मग्रामाचा दाखला लागतो. रेल्वेच्या बदल्यांमुळे भुसावळकडच्या मुलांचे दाखले दुसऱ्या राज्यातून येतात, महिना-दोन महिने सहज जातात. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसेल तर पत्र फादरांकडून पाठवा. बाप्तिस्मा न झालेलं मूल मित्रासोबत येऊन बसलं, तर पालकांशी बोलल्याशिवाय वर्गात घेऊ नका. तो निर्णय पालकांचा आणि फादरांचा.

तापीकाठ

एक राहिलं, आणि यात सवलत नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, एकट्या मुलाशी बंद खोलीत बोलायचं नाही, मुलांना वैयक्तिक मेसेज नाही, फक्त पालकांच्या ग्रुपवर. एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर "आधी फादरांना विचारते" म्हणून थांबू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याने ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर वर्गाच्या भिंतीवर लावा. कन्फेशनची गुप्तता फादरांची असते. तुम्हाला वर्गात सांगितलेली गोष्ट तिच्यात येत नाही.

नवी_धर्मशिक्षिका

खूप आभार. एकच विचारते. तीन मुलांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मुलंही सोबत जातात, ती होळीच्या सुमाराला येतात. त्यांना पुढच्या वर्षीवर टाकू का?

सातपुडा_पायथा

टाकू नका, दर वर्षी तेच होईल आणि मूल 13 वर्षांचं होऊन लाजायला लागेल. त्या तिघांसाठी क्रम बदला. जून ते दिवाळी शेवटचं भोजन, मिस्सा आणि कन्फेशन यांचे धडे उरकून घ्या, गरज पडली तर शनिवारी अर्धा तास जास्त बोलवा. जाताना एका जाड पुठ्ठ्यावर चार प्रार्थना मोठ्या अक्षरात लिहून द्या. वहीचा कागद कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) टिकत नाही. आईबापाला दाखवून सांगा की झोपताना एकच म्हणायची. कारखान्याजवळ कॅथलिक चर्च असेल तर फादरांकडून तिथल्या फादरांच्या नावे मराठीत दोन ओळींचं पत्र घ्या: मुलाचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, कोणते धडे झाले. परत आल्यावर दोन रविवार उजळणी, मग कन्फेशन, आणि कम्युनियन मे महिन्यात. खानदेशातलं मे म्हणजे मिस्सा सकाळी 7 ला ठेवायला फादरांना आत्ताच सांगून ठेवा.