नाव आधी कुठे कापायचं? नावांच्या अर्थांबद्दल जाणकारांचे अनुभव

नावांच्या अर्थाच्या याद्या ढिगाने मिळतात आणि त्यांतल्या चुकाही ढिगानेच. व्याकरण, अनुवाद, ग्रंथसूची अशा कामांत ज्यांच्या हाताखालून रोज नावं जातात, त्यांनी लिहावं. स्वतःच्या नावामागची गोष्ट नको. नाव बनतं कसं आणि वाचणारा फसतो कुठे, एवढंच सांगा.

संस्कृत व्याकरण

सगळ्यात आधी पदच्छेद. ‘आशुतोष’मध्ये आशा नाही. आशु म्हणजे लवकर, तोष म्हणजे संतोष. लवकर प्रसन्न होणारा तो शंकर. मग ते विशेषण कोणाला लागलंय ते बघायचं. ‘अपर्णा’ म्हणजे पानं झडलेली वेल नव्हे, तपश्चर्येत पानं खाणंही जिने सोडलं ती पार्वती.

तिसरी पायरी कोशाची, आणि नेमकी तीच गाळली जाते. ‘अनय’ हे नाव विनय, तनय यांच्या पंगतीतलं वाटतं. कोश उघडला की अर्थ निघतो अनीती, दुर्वर्तन, दुर्दैव! नय म्हणजे नीती आणि त्याला नकाराचा ‘अ’ लागलाय. ‘विनय’मध्ये त्याच नयाला ‘वि’ उपसर्ग आहे, तर ‘तनय’चा त्याच्याशी संबंधच नाही, तो तन् धातूवरून आलाय, अर्थ मुलगा. शेवट जुळला म्हणून अर्थ जुळत नाही. ‘रेयांश’चा अर्थ ‘सूर्यकिरणाचा अंश’ असा छापलेला दिसतो, पण तो लागायला ‘रे’ इंग्रजीतून उसना आणावा लागतो. नाव खुशाल ठेवा, फक्त संस्कृत म्हणू नका.

ग्रीक, हिब्रू, रशियन

नकाराच्या ‘अ’वरून एक गंमत. संस्कृत ‘अनिकेत’ म्हणजे अ + निकेत, घरदार नसलेला. ग्रीक ‘अनिकेतोस’ म्हणजे अ + नीके (विजय), ज्याच्यावर विजय मिळवता येत नाही तो, अजिंक्य. दोन्हींतला ‘अ’ मुळात एकच, पुढचे शब्द मात्र पूर्ण वेगळे. याच अनिकेतोसपासून रशियन ‘निकिता’ आलं आणि रशियात ते पुरुषाचं नाव आहे. ‘-आ’ने संपलं की बाईचं, हा आपला नियम तिथे चालत नाही. साशा तर पुरुषाचंही असतं आणि बाईचंही: अलेक्सांद्र आणि अलेक्सांद्रा, दोघांचं लाडकं रूप.

लाडक्या रूपाचा अर्थ थेट शोधायचा नसतो, आधी मूळ नावाकडे जायचं. सोनियाचा सोन्याशी संबंध नाही. ते सोफियाचं लाडकं रूप आणि सोफिया म्हणजे ग्रीकमध्ये शहाणपण. अनुष्का हे आन्नाचं. आन्ना आलं हिब्रू ‘हन्ना’वरून, अर्थ कृपा. त्यातला हिब्रू धातू ‘हनन’ (कृपा करणं, संस्कृतातला ‘हनन’ नव्हे) ‘योहानान’मध्येही आहे: देवाने कृपा केली. तिथून ग्रीक योआन्नेस, जर्मन योहान आणि त्याचं तोकडं रूप हान्स, फ्रेंच झाँ, स्पॅनिश हुआन, इटालियन जोव्हान्नी, आयरिश शॉन, स्कॉटिश इयन, रशियन इव्हान. यांतली बरीचशी एकमेकांसारखी ऐकू येत नाहीत. तरी इव्हान आणि अनुष्का एकाच धातूची भावंडं.

अरबी

‘अब्दुल’ हे नावच नाही, तोडलेला तुकडा आहे. अब्द म्हणजे सेवक, त्यावर विभक्तीचा ‘उ’ आणि पुढच्या शब्दाचा ‘अल’ (इंग्रजी ‘द’सारखा). हा ‘अल’ मागच्याला चिकटवून लिहिला की पुढचा शब्द उघडा पडतो. अर्जात पहिलं नाव अब्दुल आणि आडनाव रहमान असं भरलं, की एका रकान्यात ‘चा सेवक’ आणि दुसऱ्यात ‘परमदयाळू’. सेवक कोणाचा, ते तुटलं.

शुद्धलेखनाचा घोळही इथलाच. अरबीच्या 28 अक्षरांपैकी 14 ‘सूर्याक्षरं’ आहेत. त्यांच्या आधी आलेला ‘ल’ त्यांच्यातच विरघळतो. र हे सूर्याक्षर, म्हणून अब्दुर्रहमान. क नाही, म्हणून अब्दुल करीम. एकाच माणसाच्या दोन कागदपत्रांवर ‘अब्दुल रहमान’ आणि ‘अब्दुर्रहमान’ असेल तर नाव बदललेलं नसतं, फक्त एकीकडे लिपी पाहून लिहिलंय आणि दुसरीकडे कानाने.

ग्रंथसूची

आमच्याकडे अर्थापेक्षा क्रम महत्त्वाचा. स्पॅनिश लेखक-नावांत गाब्रिएल गार्सिया मार्केस ‘ग’खाली लावायचे: गार्सिया वडिलांकडचं, मार्केस आईकडचं. पोर्तुगीजमध्ये उलट, आईकडचं आधी. संगीतकार बेला बार्तोक यांचं ‘बार्तोक बेला’ हा हंगेरियन क्रम, आडनाव आधी. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ऊ थांट यांच्यातला ‘ऊ’ हा बर्मीत आदराने लावायचा शब्द. नाव एवढंच, थांट.

आइसलँडची सूची पहिल्या नावावर लागते. 1980 साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दीस फिनबोगादोत्तिर घ्या. वडील फिनबोगी, त्याची षष्ठी फिनबोगा, त्यापुढे दोत्तिर, म्हणजे मुलगी. ‘फिनबोगीदोत्तिर’ लिहिलं तर विभक्तीच चुकली. भाऊ असेल तर तो ‘फिनबोगासोन’, म्हणून सख्ख्या भावंडांची ‘आडनावं’ वेगळी दिसतात. त्यांना हाक मारायची ती विग्दीस म्हणूनच.

घानातल्या अकान समाजाची नावं

इथे अर्थ गुणाचा नसतो, प्रसंगाचा असतो. संयुक्त राष्ट्रांचेच आणखी एक माजी सरचिटणीस कोफी आत्ता अन्नान: कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, आत्ता म्हणजे जुळ्यांपैकी एक, अन्नान म्हणजे चौथं अपत्य. त्यांच्या जन्मदिवशी, 8 एप्रिल 1938 ला, शुक्रवारच होता. जुळी बहीण एफुआ, तेही शुक्रवारचंच, मुलीसाठीचं रूप. शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. बोलीप्रमाणे रूप बदलतं: मंगळवारचा क्वाबेना फांती बोलीत कोबिना होतो, तेव्हा दोन वेगळे वार समजू नका.

जपानी

‘युकी म्हणजे काय?’ याला उत्तर नाही. चित्राक्षर दाखवा, मग सांगता येईल. एका अक्षराने लिहिलं तर बर्फ, दुसऱ्याने सुख, आणि दोन अक्षरं जोडून लिहायचेही कितीतरी प्रकार. उलटही होतं: अक्षर समोर आहे, पण उच्चार कळत नाही. तिथल्या कुटुंबनोंदवहीत नावाचा उच्चार लिहायची तरतूद 26 मे 2025 पासून लागू झाली. त्याआधी तिथे फक्त अक्षरं असायची. नुसता उच्चार हाती असेल तर अर्थाचा रकाना रिकामा ठेवावा.

आयरिश, एवढंच एक

‘कीरन’ आणि आपला ‘किरण’ एकच समजून ‘प्रकाशाची तिरीप’ असा अर्थ देऊ नका. ते ‘कियार’ या शब्दावरून आलंय. अर्थ: काळा.