विषय: गणपतीच्या दिवशी मुलांसाठी आत्महत्या-प्रतिबंधाचा तास

मंडळी, नमस्कार.
यंदा आरती आणि जेवणाच्या मधे आठवी ते बारावीच्या मुलांसाठी एक तास ठेवतोय. मुलगा गमावलेले एक वडील बोलतील, मग स्लाइड्स, शेवटी पणत्या लावू. 10 सप्टेंबरचा प्रतिबंध दिनही जवळच आहे. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवा.
– मृणाल, युवा विभाग

मृणाल,
हरकत आहे. हेतूला नाही, त्या तासाला.

आपल्याच न्यू जर्सीत शाळांमधून असे वर्ग घेतले गेले होते. मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड शॅफर आणि सहकाऱ्यांनी ते तपासून 1990च्या सुमारास निष्कर्ष छापले. बहुतेक मुलांना वर्ग ठीक वाटला. ज्यांनी आधी जीव द्यायचा प्रयत्न केला होता, नेमकी त्यांनाच तो जास्त नकोसा झाला. म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्यालाच तो बोचायचा.

आणि पणत्यांचं मला फारच खटकलं. आपण कोणालाच नको आहोत असं वाटणाऱ्या पोराला आपण काय दाखवणार? गेल्यावर अख्खं मंडळ आपल्यासाठी उभं राहतं, हे?

विषयच काढू नये असं मात्र नाही. संशोधक मॅडलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत 2,342 मुलांची पाहणी केली (2005). त्यातल्या निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं. विचारल्यामुळे त्रास वाढला नाही. आधीच खचलेल्यांना उलट जरा हलकं वाटलं. एकेकट्याला विचारणं वेगळं आणि शंभर जणांसमोर व्याख्यान वेगळं.

आता घरचं सांगते. धाकटीने शाळेच्या लॅपटॉपवर एक कविता लिहिली. देखरेखीच्या सॉफ्टवेअरने ती पकडली आणि रात्री दीड वाजता दोन पोलीस दारात. बिचारे चांगले होते, गणपतीचा फोटो बघून बूट काढू का म्हणाले. पण तेव्हापासून पोर कुठेच काही लिहीत नाही. काउन्सेलरने विचारलं की ‘आय अ‍ॅम फाइन’. सगळ्यांच्या फायली स्वच्छ झाल्या आणि मला मात्र तिच्या मनातलं कळेनासं झालं.
– शुभदा

मग काय हातावर हात धरून बसायचं? शिक्षकांना, स्वयंसेवकांना लक्षणं ओळखायला शिकवा की.
– अनंतकाका

काका,
ते करून पाहिलंय. युरोपातल्या दहा देशांत, 168 शाळांत, 11 हजारांवर मुलांमध्ये तुलना झाली, 2015 साली छापून आली. नुसतं शिक्षकांना शिकवून फारसा फरक दिसला नाही. जिथे मुलांनीच चार आठवड्यांत मिळून पाच तास, प्रसंग वठवत, ताण आणि भांडणांबद्दल बोलून घेतलं, तिथे वर्षभरानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण, असं काही न केलेल्या शाळांच्या मानाने, निम्म्याच्या आसपास आलं. मराठी शाळेचे चार रविवार मिळतात आपल्याला. पण शिकवणारा त्या कामातला हवा, मी किंवा तुम्ही नाही.

गणपतीचा तास पालकांना द्या. गोळ्यांचा डबा कुलपात ठेवायचा, कोणाकडे बंदूक असेल तर तीही. 988ला, म्हणजे अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंधाच्या हेल्पलाइनला, फोन केला की पुढे काय होतं, पोलीस कधी येतात, हे आधी आपल्याला माहीत हवं. मुलं खाली कॅरम खेळोत.
– शुभदा

शुभदाताई, पणत्या रद्द. ज्यांना बोलावलं होतं त्या वडिलांशी मी स्वतः बोलते. पालकांसमोर बोलायला आवडेल का, तेवढंच विचारते. हॉल पालकांसाठी. काका, तुमचं नाव पहिल्या रांगेत लिहिलंय, काकूंनाही आणा.
– मृणाल