मदत हवी आहे: गंगोत्रीच्या वाटेवरचं हॉटेल, वरून नाला येतोय

मंडळी, इंदूरहून सासूबाई आणि आत्या सप्टेंबरच्या सुरुवातीला गंगोत्रीला निघाल्यात, टूरवाल्यानं हर्षिलच्या पुढे हॉटेल दिलंय आणि सॅटेलाइटवर बघितलं तर वरून एक नाला सरळ खाली येतोय, हॉटेल बरोब्बर त्याच्या तोंडाशी, पंख्यासारख्या पसरलेल्या सपाट जागेवर. ५ ऑगस्ट २०२५ ला हर्षिलजवळच्या धराली गावात खीरगंगा नाल्याचा लोंढा अशाच जागेवर आला ना! ती सपाटी मुळात जुन्या लोंढ्यांनी आणलेल्या दगडमातीचीच असते, हे बुकिंग करताना कोण सांगतंय.

हवा एक डिग्री तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पाऊस पडला की कमी वेळात धो धो, वर जिथे बर्फ पडायचा तिथेही आता पाऊस, आणि ग्लेशियर मागे सरकल्यावर सुटी दगडमाती उघडीच, इथवर समजलं. पण काही नाल्यांत माल एकदा वाहून गेला की परत साचायला वेळ लागतो म्हणे, मग नुकताच येऊन गेलेला नाला सेफ धरायचा की उलट? आणि ऑरेंज अलर्ट जिल्ह्याचा असतो, एका नाल्याचा नाही, त्यावर भरवसा किती ठेवायचा?

टूरवाला म्हणतो "कुछ नहीं होता मॅडम". जिओलॉजीवालं कुणी आहे का इथे? उत्तरकाशीत मुक्काम मागू (तिथेही २००३ ला वरुणावत डोंगर घसरलाच होता म्हणा) की सरळ ऑक्टोबरवर ढकलू? शनिवारपर्यंत कॅन्सल केलं तर पैसे परत मिळतात.