ऑड्री हेपबर्न: कपडे झिवांशीचे, पण ऐट कोणाची?

लक्ष्मीरोडची
४ मेला हॉलिवुडची जुनी नटी ऑड्री हेपबर्न हिचा वाढदिवस झाला. त्या दिवशी एका गृहस्थांनी तिचा काळ्या ड्रेसमधला फोटो टाकून खाली लिहिलं, की या बाईचं कर्तृत्व काय, तर पॅरिसचा ड्रेस डिझायनर झिवांशी याने शिवलेलं अंगावर चढवणं. अंगाने काडी असली की कुणालाही काहीही शोभतं, आणि तिचा फॅशनचा वारसा म्हणजे खरं तर झिवांशीचा वारसा. खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. वाचून डोकं उठलं. तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

१९५३ च्या उन्हाळ्यात 'सॅब्रिना' चित्रपटासाठी कपडे घ्यायला ती पॅरिसला झिवांशीकडे गेली. त्याचं दुकान उघडून जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि तिचा 'रोमन हॉलिडे' अजून पडद्यावर यायचा होता. मिस हेपबर्न येणार म्हटल्यावर त्याला वाटलं तेव्हाची मोठी नटी कॅथरीन हेपबर्न. दारात उभी राहिली ती टी-शर्ट, आखूड विजार, सपाट बूट आणि गोंडोलावाल्यांसारखी गवती हॅट घातलेली पोरगी. तो नव्या कलेक्शनच्या धांदलीत होता. नवीन काही शिवून द्यायला वेळ नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. मग तिने तिथल्या तयार कपड्यांतून स्वतःच्या हाताने निवडलं. करड्या रंगाचा सूट, काळ्या भरतकामाचा पांढरा पायघोळ गाउन आणि खांद्यावर बारीक बो असलेला तो काळा ड्रेस.

त्या ड्रेसचा गळा नीट बघा. आपण आज ज्याला बोटनेक म्हणतो तो. तिच्या गळ्याची हाडं वर यायची, ती त्यात झाकली गेली आणि सरळ खांदे उठून दिसले. लांब मान, सपाट छाती, मोठी पावलं, सगळं तिला ठाऊक होतं. तो जमाना मेरिलिन मन्रो आणि जेन रसेलसारख्या भरल्या अंगाच्या नट्यांचा. तेव्हा पॅडिंग न लावता, उंच टाचा न घालता असं उभं राहायला धमक लागते. निवड तिची होती. ज्याला हे दिसत नाही त्याने निदान 'काडी' तरी म्हणू नये.

काजेबटण
असहमत. ताई, मी शिवणकामातला माणूस आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. कपाटातून कपडा काढणं वेगळं आणि कपडा घडवणं वेगळं. बोटनेक दिसायला सोपा. खांद्याचा उतार पाव इंच चुकला की गळा पुढे फुगतो, नाहीतर मानेमागे सुटतो. मुंढा (बाही जोडतात तो घेर) नीट बसला नाही तर हात उचलताच अख्खा ड्रेस वर चढतो. पडद्यावर ती हात वर करून नाचते तेव्हा काही सरकत नाही. ते कापणाऱ्याचं आणि शिवणाऱ्याचं कसब.

आणि 'सॅब्रिना'च्या कपड्यांचं झालं काय? पडद्यावर नाव एकट्या ईडिथ हेडचं, म्हणजे स्टुडिओच्या वेशभूषाकार बाईचं, ऑस्करही तिलाच. झिवांशीचा उल्लेखसुद्धा नाही. तुम्ही ज्या तीन कपड्यांवर धागा काढलात, त्यांच्या कर्त्याला टाळीही मिळाली नाही. आणि तुम्ही श्रेय वाटताय घालणारीला!

मला हे झोंबतं कारण माझी आई गिरगावात एका नाटक कंपनीचे कपडे शिवायची. नऊवारीला अस्तर कसं लावायचं म्हणजे दोन प्रवेशांमध्ये नटीला झटकन बदलता येईल, ही युक्ती तिची. कार्यक्रमपत्रिकेवर 'वेशभूषा' समोर नाव मात्र भलत्याचं. आई ते पत्रक घडी घालून ट्रंकेत ठेवायची. त्यात तिचं नाव नाही, हे ती कधी बोलली नाही. म्हणून मी बोलतो.

लक्ष्मीरोडची
तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण ऑड्रीने तुमच्या त्या कंपनीसारखं केलं नाही, हाच तर माझा मुद्दा! नाव गाळलं स्टुडिओने. तिला ते लागलं, आणि पुढे 'फनी फेस'मध्ये झिवांशीचं नाव पडद्यावर आलं. त्या चित्रपटाच्या वेशभूषेच्या ऑस्कर नामांकनात ईडिथ हेडच्या जोडीने त्याचंही नाव आहे. 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज', 'शराड', 'हाउ टू स्टील अ मिलियन', पुढे कितीतरी चित्रपटांत ती त्यालाच धरून राहिली. किती नट्यांनी आपल्या शिंप्यासाठी असा हट्ट धरला? सांगा.

जुनापडदा
दोघेही कपड्यांत अडकलात. माझं दुखणं वेगळं आहे. 'माय फेअर लेडी' (१९६४) मध्ये पडद्यावर ओठ ऑड्रीचे, गाण्यांतला गळा बहुतांशी गायिका मार्नी निक्सनचा, आणि श्रेयनामावलीत निक्सनचं नाव नाही. रंगभूमीवर ती भूमिका गाजवलेल्या जूली अँड्र्यूजला स्टुडिओने घेतलं नाही. त्याच वर्षी जूलीला 'मेरी पॉपिन्स'साठी ऑस्कर मिळालं आणि ऑड्रीला नामांकनसुद्धा नाही. तेव्हा श्रेयाच्या बाबतीत ऑड्रीला देवी करून मखरात बसवू नका.

लक्ष्मीरोडची
तिने त्या गाण्यांची तालीम केली होती, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रणही केलं होतं. आवाज बदलला स्टुडिओने. याचा राग तिच्यावर का? आणि धागा फॅशनवर आहे.

सायीची वाटी
फॅशनवर आहे ना? मग मी बोलते. तुम्ही सगळे ज्या अंगावर कपडे टांगताय, त्या अंगाचं बोला. माझ्या मुलीने कपाटाच्या आत तिचा फोटो चिकटवला होता, काळ्या ड्रेसचाच. भरतनाट्यम शिकायची. अकरावीत पोळी बंद, मग भात बंद, मग संध्याकाळी नुसतं ताक. मी विचारलं तर म्हणाली, कंबर बघ तिची. शेवटी डॉक्टरांकडे न्यावं लागलं, पाळी थांबली होती. तुमच्या 'ऐटी'ची ही किंमत आहे. साठ वर्षं झाली, तो फोटो पोरींच्या डोक्यातून उतरत नाही. वारसा वारसा काय करताय!

लक्ष्मीरोडची
मुलगी आता बरी असेल अशी आशा करते. पण ऑड्रीने कुणाला उपाशी राहा सांगितलं होतं का? तिचा बांधा तिने कमावलेला नव्हता. तो तिच्यावर लादला गेला होता.

सायीची वाटी
ते माझ्या मुलीला कोण सांगणार होतं? फोटोखाली लिहिलेलं असतं का?

कालवाकाठ
इथे राहावलं नाही. मी बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये राहतो, आर्नेमपासून फार लांब नाही. ऑड्रीचं युद्धातलं बालपण याच भागात गेलं, आर्नेम आणि शेजारचं फेल्प. तिचे काका ओट्टो यांना नाझींनी ऑगस्ट १९४२ मध्ये ओलीस धरून गोळ्या घातल्या. १९४४ च्या शरदात इथल्या रेल्वे कामगारांनी संप केला, जर्मनांनी पश्चिमेकडे जाणारं अन्न अडवलं आणि मग जो हिवाळा आला त्यात वीसेक हजार माणसं भुकेने गेली. ऑड्री तेव्हा पंधरा वर्षांची. ट्यूलिपचे कंद खाल्ले, रक्त कमी झालं, कावीळ झाली, पाय सुजले. पुढे लंडनला मारी रांबेरकडे बॅले शिकायला गेली, तर तिथे सांगण्यात आलं की पहिल्या दर्जाची नर्तकी होणं आता शक्य नाही. उंची जास्त, आणि कोवळ्या वयात खायला मिळालं नव्हतं.

माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी तो हिवाळा जगलेल्या होत्या. बटाटा सोलताना सालीत गर गेला की त्या तो सुरीने खरवडून परत काढायच्या. मी एकदा म्हटलं, 'राहू द्या हो'. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा कधी बोललो नाही.

सायीची वाटी, तुमचा राग खरा आहे. पण त्या फोटोला फॅशनचं माप बनवलं ते मासिकांनी आणि जाहिरातवाल्यांनी. भुकेने झालेलं शरीर त्यांनी आदर्श म्हणून विकलं. ती बाई मात्र पुढे युनिसेफसाठी १९८८ मध्ये इथिओपियात गेली आणि १९९२ च्या सप्टेंबरमध्ये सोमालियात. त्यानंतर चार महिन्यांत, २० जानेवारी १९९३ ला, कर्करोगाने गेली. भुकेचं कौतुक तिने तरी कधी केलं नाही.

सायीची वाटी
ठीक. तिच्यावरचा राग कमी करते. फोटोवरचा नाही.

करवीरकर
एवढे प्रतिसाद झाले, वेशभूषेच्या श्रेयावर एवढं बोलून झालं, ऑस्करचा विषय निघाला, आणि एकाही मराठी माणसाला वेशभूषाकार भानू अथैय्या आठवू नयेत? ऑड्रीचा जन्म ४ मे १९२९, ब्रसेल्सचा. भानूताईंचा २८ एप्रिल १९२९, कोल्हापूरचा. सहा दिवसांचं अंतर. राजोपाध्यांची लेक, जे. जे. कलाशाळेची विद्यार्थिनी, चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या प्रदर्शनात चित्रं लागलेली. 'गांधी'साठी १९८३ मध्ये जॉन मोलोसोबत ऑस्कर, भारताला मिळालेलं पहिलं. त्यांचं नाव किती जणांच्या घरात माहीत आहे? झिवांशीचे अत्तराच्या बाटलीवरचे स्पेलिंग मात्र सगळ्यांना पाठ.

जुनापडदा
करवीरकर, प्रत्येक धाग्यावर कोल्हापूर आणता. परवा पावसाच्या धाग्यावरही आणलं होतंत.

करवीरकर
इथे आणावं लागलं नाही, होतंच. साधना कट घ्या. 'लव्ह इन शिमला' (१९६०) साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी साधनाचं रुंद कपाळ झाकायला ऑड्रीसारखी केसांची झालर कापून घेतली. पुढे देशभर पोरी न्हाव्याकडे आणि पार्लरमध्ये 'साधना कट' मागायच्या. ऑड्रीचं नाव तिथेच गळालं. आणि त्याच साधनाने 'वक्त' (१९६५) मध्ये घातलेला घट्ट चुडीदार आणि बिनबाह्यांचा कुर्ता? तो भानूताईंचा. नाव झालं साधनाचं. कॉलेजच्या पोरींनी वर्षानुवर्षं तो शिवून घेतला, शिंप्याला सांगितलं 'साधनासारखा'. काजेबटणसाहेब, तुमच्या आईच्या रांगेत आणखी एक मराठी बाई उभी आहे.

काजेबटण
करवीरकर, हे माझ्या मनातलं बोललात. तो कुर्ता शिवणं सोपं नाही. बाजूच्या टक्सने कंबरेत घ्यायचा, पण बसताना शिवण उसवायला नको. चुडीदार तिरक्या कापाचा नसेल तर गुडघ्यात ओढतो. आमच्याकडे जुनी गिऱ्हाईकं अजून त्याची आठवण काढतात. भानू अथैय्यांचं नाव घेणारं एकही भेटलं नाही.

लक्ष्मीरोडची
कुठून कुठे नेलात धागा! मला भानूताईंबद्दल आदर आहे. 'आम्रपाली', 'गाइड', 'लगान', सगळं माहीत आहे. पण त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून ऑड्रीला काही अक्कल नव्हती, असं कसं होतं?

करवीरकर
अक्कल नव्हती असं मी कुठे म्हटलं? वाचून बोला. एवढंच म्हटलं, की घालणारीचं नाव वाढतं आणि करणारीचं पुसतं. त्यांनी ऑस्करची बाहुली २०१२ मध्ये अकादमीकडे परत पाठवली, आपल्याकडे ती नीट जपली जाईल याचा भरवसा नव्हता म्हणून. याची लाज वाटायला हवी. ती वाटत नाही, आणि इथे चर्चा पॅरिसच्या दुकानाची.

लक्ष्मीरोडची
लाज वाटायची ती सरकारला आणि संग्रहालयांना वाटू दे. माझ्यावर कशाला खेकसता?

कालवाकाठ
दोघांनीही जरा दमाने घ्या. वस्तू जपण्याचं निघालंय म्हणून एक सांगतो. 'टिफनीज'च्या काळ्या ड्रेसपैकी एक झिवांशीने लेखक दोमिनिक लापिएर यांना देऊन टाकला. डिसेंबर २००६ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात तो ४,६७,२०० पौंडांना गेला आणि पैसे लापिएर यांच्या संस्थेमार्फत बंगालमधल्या गरिबांसाठी आले. पुढून साधा, पाठीवर अर्धगोल कापलेला. ऑड्रीचं नाव नसतं तर त्या काळ्या कापडाला कुणी एवढे मोजले असते का? आणि झिवांशीचा काप नसता तर कुणी तो जपून ठेवला असता का?

काजेबटण
त्या ड्रेसचं श्रेयसुद्धा सरळ नाही. पडद्यावर दिसतो त्याचा खालचा भाग ईडिथ हेडकडे बदलून घेतला, झिवांशीच्या मूळ कापात पाय फार दिसत होता म्हणून. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ड्रेसवर किमान दोघांचे हात, आणि शिवणाऱ्या बायकांची नावं तर कुणालाच माहीत नाहीत.

लक्ष्मीरोडची
एक शेवटचं. 'टू फॉर द रोड' (१९६७) बघा. त्यात झिवांशी नाही. बाजारातले तयार कपडे आहेत, मेरी क्वांट, पाको राबान वगैरे डिझायनरांचे. विनाइलची विजार, धातूच्या चकत्यांचा ड्रेस, पट्ट्यांचे टी-शर्ट. चाळिशीला आलेली बाई, तरी पहिल्या दृश्यापासून ती ऑड्रीच दिसते. झिवांशी काढून घेतला तरी जे उरलं ते तिचं होतं. याचं उत्तर कुणी देईल का?

काजेबटण
देतो. त्या चित्रपटाचे कपडे निवडायला क्लेअर रेंडलशम होत्या, लंडनच्या फॅशनमधलं मोठं नाव. म्हणजे तिथेही आणखी एक बाई आहे, जिचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. आणि झिवांशीच्या कपड्यांतच मी मी असते, असं ऑड्री स्वतः सांगायची. तिचंच ऐकायचं की तुमचं?

तिच्या चालण्याचं श्रेय मात्र तिचंच, एवढं तुमचं मान्य करतो. ती चाल शिवता येत नाही. बॅलेची पाठ, मान वर, पाय सरळ. बाकी कापड कापणाऱ्याचं, यावर मी ठाम आहे.

करवीरकर
भानूताईंचा वेगळा धागा आज रात्री काढतो. 'सीआयडी'पासून सुरुवात करेन. ज्यांच्या घरात त्या काळचे शिवलेले चुडीदार-कुर्ते अजून असतील त्यांनी फोटो टाका, पाठीची शिवण दिसेल असे.